आमेरी बाईंचे पावणेदहा

इशरत आमेरी बाईंनी मला निबंधात वीसपैकी पावणेदहा गुण दिले होते. पास व्हायला दहा लागतात. त्या पाव गुणापायी माझा पुढचा अख्खा उन्हाळा फेरपरीक्षेच्या अभ्यासात गेला. तीस वर्षं उलटली, पण तो पाव गुण मी विसरलेले नाही. इराणातल्या आमच्या केरमानमध्ये बाईंच्या हाताखालून गेलेल्या पाच-सहाशे तरी मुली असतील. त्यातल्या कुणालाही विचारा, प्रत्येकीचा असा एखादा पाव गुण निघतोच.

विषय होता 'माझी सुट्टी'. माझी सुट्टी काकांच्या बागेत पिस्ते तोडण्यात गेली होती, बोटं चिकाने काळी पडेपर्यंत. पण तसं कुणी लिहितं का? म्हणून मी समुद्रावर लिहिलं. आम्ही उत्तरेला कास्पियनच्या काठी गेलो, लाटा आल्या, गार वारा सुटला, आईने वाळूत चटई अंथरली. चांगली दोन पानं भरली, शुद्धलेखनाची एक चूक नाही. बाईंनी खाली लाल शाईने लिहिलं, 'लिहिलं आहेस सुंदर, पण खरं नाही. समुद्राला वास असतो.' आणि त्याखाली पावणेदहा.

आता मी शहरातल्या दुखण्याच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. बारा वर्षं झाली. बाकीच्या डॉक्टरांनी हात टेकले की माणसं आमच्याकडे येतात. कुणाची कंबर, कुणाची मान, कुणाचा खांदा. माझं काम नावं लिहून घ्यायचं आणि लोकांच्या दुखण्याच्या वह्या तपासायच्या, पण घसा बसतो तो वेगळ्याच गोष्टींनी. अहो, घेता त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, जडीबुटीच्या दुकानातल्या पुड्यासुद्धा. घरातलं एक माणूस बरोबर आणा, आतलं निम्मं बाहेर येईस्तोवर विसरायला होतं. आणि दुखतंय तर दुखतंय म्हणा. सगळे मान डोलावतात, आणि पुढच्या वेळी एकटे, रिकाम्या हाताने, इस्त्रीचे कपडे घालून हजर होतात.

आणखी एक गोष्ट आमच्या केरमानात कुणी सांगता सांगत नाही. म्हाताऱ्या माणसांच्या संध्याकाळच्या चहात कधी कधी मसुराच्या दाण्याएवढी अफू विरघळलेली असते. सांध्यांसाठी हो, दुसरं काही नाही. पण डॉक्टरांनी विचारलं की खोलीतले सगळे छताकडे बघायला लागतात.

बाई आमच्याकडे पहिल्यांदा आल्या त्या शरद ऋतूत, एका मंगळवारी. मी त्यांना दारातच ओळखलं. तोच काळा कोट, तीच ताठ मान, हातात कोलुंपेचा डबा. खजूर भरलेल्या या बिस्किटांशिवाय आमच्याकडे कुणी कुणाच्या दारात जात नाही, मग ते दार दवाखान्याचं का असेना. त्यांनी मला ओळखलं नाही. मीही ओळख दिली नाही. खोटं कशाला बोलू, त्या पाव गुणाचा राग होताच थोडा.

मग सुरू झालं आमचं नेहमीचं. बाईंचं नाव पुकारलं, तर शेजारच्या म्हातारीला म्हणतात, "आधी तुम्ही जा, मला घाई नाही." म्हातारी म्हणते, "छे, तुमच्या आधी? मग तोंड दाखवायला जागा राहील का मला?" अशा आग्रहाआग्रहीत बाईंनी दोघींना पुढे सोडलं आणि तासभर कडक बाकावर बसून राहिल्या. एकदाही पाय लांब केला नाही. कुणी पाणी दिलं की म्हणायच्या, "हात दुखू नयेत तुमचे." आभार मानायची आमची ही रीतच आहे. आमच्या दवाखान्यात दिवसातून शंभरदा हे वाक्य ऐकू येतं आणि कुणाला हसू येत नाही.

डॉक्टर सहंदी परगावचे, तबरीझचे, वय चाळिशीच्या आत, बोलणं सरळ. आतला पहिला संवाद मला दाराच्या फटीतून ऐकू आला.

"खानम, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. कंबरेपासून पायात उतरणारं हे तुमचं दुखणं किती?"

बाई विचारात पडल्या. तो चेहरा मला पाठ होता. पेपर हातात घेऊन, चष्मा नाकावर घसरवून, कुठे कापता येईल ते शोधणारा. "चार," त्या म्हणाल्या.

"घरातली कामं होतात?"

"सगळी. देवाची कृपा आहे."

"औषधं?"

"काही नाही. डॉक्टर, तुमचा वेळ घेतेय मी. बाहेर लोक खरोखर त्रासात आहेत."

चार म्हटल्यावर डॉक्टर तरी काय करणार? साधी गोळी, दोन व्यायाम, आणि पंधरा दिवस लिहायची एक वही. कधी दुखतं, कुठे दुखतं, काय करता आलं नाही, काय घेतलं. रकाने आखलेले असतात. बाई बाहेर आल्या, मला मान लववून जिन्याकडे गेल्या. मी सहज वाकून पाहिलं. जिन्याशी मोठी कुंडी आहे, तिच्यामागून त्यांनी हळूच एक काठी काढली. येताना लपवून ठेवलेली! मग भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या, डोळे मिटून. किती वेळ, सांगवत नाही. माझा राग तिथेच निम्मा उतरला.

घरी जाऊन मी आईला विचारलं. आईला गावातलं सगळं ठाऊक असतं. बाई निवृत्त झाल्या, नवरा गेला, मूलबाळ नाही. दर रविवारी आणि मंगळवारी हुसैनियेच्या, म्हणजे मोहरमच्या सभागृहाच्या, मागच्या खोलीत त्या मोठ्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवतात. पाच बायका आहेत. सगळ्यांत मोठी खावर, सहासष्ट वर्षांची. तिला आपल्या गोळ्यांच्या पाकिटावरचं स्वतः वाचायचंय, सुनेवर तिचा भरवसा नाही. "पण महिना झाला, वर्ग बंद आहे," आई म्हणाली. "पाहुणे आलेत म्हणे इशरतकडे."

"बसून शिकवता येत नाही का त्यांना?"

"इशरत? फळ्यासमोर बसून?" आई अशी हसली, जणू मी बाईंना चौकात नाचायला सांगितलं होतं.

पंधरा दिवसांनी बाई वही घेऊन आल्या. वही आधी माझ्याकडे येते, मी ती वाचून मुख्य गोष्टी डॉक्टरांच्या कागदावर उतरवते. उघडली, तर रकाने सगळे कोरे. रकान्यांवरून आडवा, टाकाने काढल्यासारख्या अक्षरात, निबंध! डाळिंबाच्या झाडाची पानं पिवळी पडल्याचं वर्णन. शेजारीण मुनीर किती गुणी आहे ते. देवाचे आभार, डॉक्टरांचे आभार, हवेचे आभार. दुखण्याचा उल्लेख एकाच ठिकाणी, तोही कसा, तर 'उजव्या पायात किंचित जडपणा जाणवला.'

माझं डोकं फिरलं. हिने मला एका पावाकरता अख्खा उन्हाळा घरी बसवलं, आणि स्वतः हे असलं लिहिते? पेन्सिल सापडेना, लाल पेन हाताला लागलं. खाली लिहिलं, 'लिहिलं आहे सुंदर, पण खरं नाही.' आणि त्याखाली, पावणेदहा. तशीच उठले आणि वही त्यांच्या मांडीवर ठेवली.

बाईंनी चष्मा लावला, वाचलं. परत वाचलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहत राहिल्या.

"समुद्र," त्या म्हणाल्या.

"हो, बाई."

"फरंगीस. तिसऱ्या बाकावर बसायचीस, खिडकीशी. सुट्टी संपवून आलीस तेव्हा बोटं काळी होती तुझी पिस्त्यांनी, आणि परीक्षेत समुद्रावर लिहिलंस." वही मिटून म्हणाल्या, "मला वाईट वाटलं होतं त्या दिवशी."

"मग दहा द्यायचे होते!"

"खरं लिहिलं असतंस तर सतरा दिले असते."

मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "बाई, ही परीक्षा नाही. इथे दुखण्याला कमी गुण दिले म्हणून कुणी शाबासकी देत नाही. डॉक्टरांना तुमच्या पाठीच्या आतलं दिसत नाही, तुम्ही सांगाल तेवढंच त्यांच्याजवळ आहे. तुम्ही चार म्हणालात, त्यांनी चाराचं औषध दिलं. किती दुखतं ते सांगायला लाज वाटत असेल तर काय काय जमत नाही ते लिहा. तेवढं पुरे."

"तक्रार करणं मला येत नाही, फरंगीस."

"तक्रार करू नका, घडलं ते लिहा. मला तेच सांगितलं होतंत ना?"

बाईंनी हात पुढे केला. मला वाटलं, आता वही फाडतात. पण त्यांना पेन हवं होतं. पाऊण तास लिहीत होत्या, मान वर न करता. दोनदा नाव पुकारलं, मी दोन्ही वेळा दुसऱ्याला आत पाठवलं. लिहून झालं तेव्हा वही माझ्या हातात दिली, पण एका ओळीवर तळहात तसाच दाबून धरला.

मी वाचायला लागले.

'शनिवार. किटली उचलता आली नाही. नळाचं पाणी प्यायले. मुनीर सरबत घेऊन आली, घ्यायला उठवेना, तिला म्हटलं रोजा आहे.

रविवार. वर्ग घेतला नाही. पाहुणे आहेत असा निरोप धाडला. नवरोजनंतर माझ्याकडे कुणी पाहुणे आलेले नाहीत.

सोमवार. नमाजला खाली बसले आणि उठता आलं नाही. कपाटाला धरून उठायला दुपार झाली.

मंगळवार. खावर दारात आली. वही दाखवायला आली होती. मी आतून आवाज दिला नाही. ती बराच वेळ उभी होती.'

पुढचं मला धड दिसेना. नाक पुसलं आणि म्हटलं, "बाई, हात काढा."

"ही ओळ मी खोडणार आहे."

"का?"

"कारण मी बावीस वर्षं वर्गात उभं राहून मुलींना याच्याविरुद्ध सांगितलंय. कितीजणींच्या वडिलांशी भांडलेय. तुला आठवत असेल."

मला तेव्हाच कळलं. माझ्या मामांशीही भांडल्या होत्या त्या, भर रस्त्यात. "मुनीरने दिली?" मी हळूच विचारलं.

"चहात. मसुराच्या दाण्याएवढी. पहिल्यांदा तिने दिली, मग मी मागितली. आता रोज." त्यांचा आवाज वर्गात असायचा तेवढाच स्थिर होता. "झोप लागते गं. बाकी काही नाही. सकाळी आरशात बघवत नाही."

आत्तापर्यंत मी शंभरेक लोकांना सांगितलं असेल की डॉक्टरांपासून लपवू नका. दरवेळी सांगून मोकळी होते. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की मी समोरच्याकडून काय मागत असते. या बाईंची उभ्या जन्माची कमाई म्हणजे केरमानच्या पाचशे घरांत त्यांच्या नावाला असलेला धाक. तो त्या एका ओळीत जाणार होता. तरी मी म्हटलं, "नाही खोडायची."

"गावभर होईल, फरंगीस."

"या दारातून बाहेर जाणार नाही. गेलंच तर मी सांगितलं म्हणून जाईल, आणि मग मला शून्य द्या."

त्या हसल्या नाहीत. पण हात काढला. "माझ्याबरोबर आत ये," म्हणाल्या. "बरोबर एक माणूस आणायचं असतं म्हणालीस ना."

आत गेल्यावर डॉक्टरांनी वहीसाठी हात पुढे केला, तर बाई म्हणाल्या, "मीच वाचते." आणि उभं राहून वाचलं. वर्गात वाचायच्या तसं, प्रत्येक शब्द सुटा. त्या ओळीपाशीही थांबल्या नाहीत. मी पायांकडे बघत होते. उजवा बूट जमिनीवर टेकलेलाच नव्हता.

वाचून झालं. डॉक्टरांनी टेबलावरचा एक कागद उचलून दाखवला. "खानम, गेल्या वेळच्या गोळीने गुण आला नाही तर हे द्यायचं मी ठरवून ठेवलं होतं. झोप लागण्याचं औषध. त्या चहावर हे पडलं असतं तर झोपेत तुमचा श्वास मंदावला असता. कदाचित सकाळ झालीच नसती." त्यांनी कागद फाडला. "बरं झालं बोललात. अफू एकदम सोडायची नाही, त्रास होईल. कशी कमी करायची ते मी सांगेन. यात ओरडण्यासारखं काही नाही. दुखत होतं, मिळालं ते घेतलंत."

बाईंनी नुसती मान हलवली. ओरडा खायची तयारी करून गेल्या होत्या, तो न मिळाल्यावर हातांचं काय करावं त्यांना कळेना.

"दुसरं काही औषध?"

"नाही. ती हृदयाची एक गोळी, पण ती रोजचीच."

"रक्त पातळ करणारी?"

"असेल."

मी कपाळावर हात मारला. डॉक्टरांनी मारला नाही, पण मारावासा वाटला असणार. मणक्यापाशी सुई द्यायची तर आधी ती गोळी ठाऊक असावी लागते. थांबवायची की नाही, किती दिवस, हे हृदयाच्या डॉक्टरला विचारून ठरतं, आपल्या मनाने नाही. हे सगळं त्यांनी शांतपणे समजावलं. मी लिहून घेतलं. मग त्यांनी परत विचारलं, "शून्य ते दहा. आता सांगा, किती?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कुठे कापता येईल ते शोधलं.

"पावणेदहा."

मला इतकं जोरात हसू आलं की डॉक्टर दचकले. हसता हसता रडूही आलं. पाव कापलाच होता!

"हे शून्यावर येणार नाही, खानम," डॉक्टर म्हणाले. "सुई देऊ, व्यायाम देऊ, थोडं खाली आणू. मला फक्त एवढं सांगा, खाली आणून करायचंय काय?"

"फळ्यासमोर उभं राहायचंय. वर्ग संपेपर्यंत."

"वीस मिनिटं."

"वर्ग पंचेचाळीस मिनिटांचा असतो."

"मधे बसायचं."

"मी बसून शिकवत नाही."

"मग सुईही कामाची नाही," डॉक्टर म्हणाले आणि पुढचं लिहायला लागले. बाईंना उलट उत्तर देणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

तपासण्या झाल्या, हृदयाच्या डॉक्टरचं पत्र आलं, सुई झाली. सुईच्या दिवशी मी बरोबर होते, घरीही मीच सोडलं. अफू हळूहळू कमी करत थंडी संपायच्या आत सुटली. मधे दोन आठवडे वाईट गेले, तेव्हा मुनीर बाईंकडे झोपायला होती. जिने दिली तिनेच सोडवलीही, देवाघरचा हिशेब. दर पंधरवड्याला वही येत होती. रकान्यांत, आणि एक शब्द जास्तीचा नाही.

नवरोजनंतरच्या पहिल्या रविवारी वर्ग पुन्हा सुरू झाला. मी रजा टाकून गेले आणि मागच्या ओळीत, चौदा वर्षांची असल्यासारखी, हात मांडीवर ठेवून बसले. बाई काठी घेऊन आल्या. काठी सगळ्यांच्या देखत टेबलाला टेकवून ठेवली.

"आज किती, बाई?" मी विचारलं.

"चार." माझा चेहरा पाहून म्हणाल्या, "या खेपेला खरे."

"मग आता माझेही वाढवा."

"समुद्र पाहिलास?"

"नाही अजून."

"मग पावणेदहाच."

बायका खिदळल्या. बाईंनी खडू घेतला आणि खावरच्या गोळ्यांच्या पाकिटावरचा एक एक शब्द फळ्यावर काढायला लागल्या. 'दिवसातून दोनदा.' 'जेवणानंतर.' खावर अक्षरावर बोट ठेवून वाचायची, चुकायची, बाई पुन्हा वाचायला लावायच्या. सुनेने आजवर दिवसातून तीनदा घ्यायला लावलेली गोळी दोनदाच घ्यायची आहे हे खावरला तिथेच कळलं, आणि तिने सुनेच्या नावाने जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही.

वीसेक मिनिटं झाली असतील. बाईंनी फळ्यावर अर्धा शब्द लिहिला आणि थांबल्या. डावा हात फळ्याच्या चौकटीवर गेला. मला ती पाठ ठाऊक होती, जिन्यापाशी पाहिली होती. आता त्या काहीतरी कारण काढतील असं वाटलं. डोळ्यांत खडू गेला म्हणतील, पाणी प्यायला जातील.

त्या वळल्या. पाचही बायकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माझा पाय दुखतोय," बाई म्हणाल्या. "खूप दुखतोय. मला खुर्ची द्या."

मी उठायच्या आत पाचही बायका उठल्या होत्या.